जुन्या लॅपटॉपमधील फाइली नव्या लॅपटॉपमध्ये सुखरूप कशा न्याव्यात

नवा लॅपटॉप हाती आला की जुन्यातील फाइली त्यात नेण्याचे काम बहुतेक जण एका संध्याकाळी उरकायला बसतात. ते उरकतेही. मात्र काय राहून गेले हे कळायला कधीकधी महिने जातात आणि तोपर्यंत जुना लॅपटॉप पुसून दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. कॉपी करणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कॉपीच्या आधी आपल्या फाइली नेमक्या कुठे कुठे आहेत हे शोधणे आणि कॉपीनंतर त्या खरोखर पोहोचल्या की नाही हे तपासणे, हे खरे काम. त्यामुळे या लेखात पुढील क्रम धरला आहे: आधी मोजणी, मग साधनाची निवड, मग कॉपी, मग पडताळणी, त्यानंतर काही आठवडे थांबणे आणि सर्वांत शेवटी जुना लॅपटॉप पुसणे. हा क्रम बदलू नये.

एक नियम सुरुवातीलाच सांगतो. फाइली नेताना नेहमी ‘कॉपी’ करावी, ‘कट’ कधीही करू नये. कट करून पेस्ट करताना वीज गेली, केबल सैल झाली किंवा डिस्क भरली तर काही फाइली इकडे आणि काही तिकडे अशी अवस्था होते आणि कुठल्या फाइली कुठे आहेत हे शोधण्यातच दिवस जातो. कॉपी अर्धवट राहिली तर मूळ फाइली जागच्या जागी असतात, आणि काम पुन्हा पहिल्यापासून करता येते.

फाइली कुठे कुठे आहेत ते शोधणे

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये आपल्या बहुतेक फाइली सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ या फोल्डरात, आपल्या नावाच्या फोल्डरात असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे सहा फोल्डर तिथेच असतात. एक कागद घ्यावा आणि या प्रत्येक फोल्डरावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तिथे दिसणारी फाइलींची संख्या आणि एकूण आकार कागदावर लिहून ठेवावा. हा कागद शेवटी पडताळणीच्या वेळी लागणार आहे, म्हणून तो टाकून देऊ नये.

त्यानंतर या सहा फोल्डरांच्या बाहेर काय आहे ते पाहावे. ज्यांच्या लॅपटॉपात डी किंवा ई असे आणखी ड्राइव्ह आहेत त्यांनी ते पूर्ण उघडून पाहावेत. सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवरही अनेकांनी घाईत फोल्डर तयार केलेले असतात. स्कॅनर, कॅमेरा, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि स्क्रीन रेकॉर्ड करणारे प्रोग्राम यांना आपापला माल आपण न सांगितलेल्या ठिकाणी ठेवायची सवय असते. अशा प्रत्येक प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा कोणत्या फोल्डरात आहे ते पाहून घ्यावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर त्याचा स्वतःचा ‘बॅकअप’ हा पर्याय वापरून बॅकअपची फाइलही वेगळी काढावी, कारण नुसता फोल्डर कॉपी करून तो नव्या ठिकाणी उघडेलच असे नसते.

डेस्कटॉपच्या बाबतीत एक चूक फार वेळा होते. माझ्या एका स्नेह्यांनी डेस्कटॉपवरील सगळी चिन्हे निवडून पेनड्राइव्हवर कॉपी केली होती आणि काम अर्ध्या मिनिटात झाले म्हणून ते खूश होते. नव्या लॅपटॉपवर पहिलाच फोल्डर उघडायला गेल्यावर ‘ही वस्तू सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. आम्ही पेनड्राइव्ह पाहिला, तेव्हा एकेक ‘फोल्डर’ जेमतेम एक-दोन केबीचा होता. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण होता. ते सगळे शॉर्टकट होते, म्हणजे मूळ फोल्डर कुठे आहे एवढा पत्ता सांगणाऱ्या चिठ्ठ्या. मूळ फोल्डर जुन्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवरच होते. सुदैवाने तो लॅपटॉप अजून तसाच होता, म्हणून सगळे दहा मिनिटांत सावरले. ज्या चिन्हावर बाण आहे त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की मूळ वस्तू कुठे आहे ते दिसते. डेस्कटॉपवरील प्रत्येक बाणाची अशी चौकशी करून घ्यावी.

काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. यूजर फोल्डरातच ‘ॲपडेटा’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो आणि प्रोग्राम आपली बरीच माहिती त्यात ठेवतात. स्टिकी नोट्समध्ये लिहिलेल्या टिपणांचे उदाहरण घ्या. ती पडद्यावर पिवळ्या कागदांसारखी दिसत असली तरी डेस्कटॉपच्या फोल्डरात त्यांची फाइल नसते, ती ॲपडेटामध्ये खोलवर दडलेली असते. स्टिकी नोट्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केले असेल तर टिपणे आपोआप नव्या लॅपटॉपवर येतात. केले नसेल तर आताच करावे, किंवा महत्त्वाची टिपणे एखाद्या साध्या फाइलमध्ये उतरवून घ्यावीत. ॲपडेटा हा संपूर्ण फोल्डर नव्या लॅपटॉपवर कॉपी करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात जुन्या प्रोग्रामांच्या असंख्य तात्पुरत्या फाइली असतात आणि त्या नव्या ठिकाणी उपयोगापेक्षा गोंधळच जास्त करतात.

ईमेल ब्राउझरमध्ये वाचत असाल तर चिंता नाही, ते सर्व्हरवरच असते. आउटलुकसारख्या प्रोग्राममध्ये ईमेल उतरवून घेण्याची पद्धत असेल तर पीएसटी प्रकारची फाइल शोधावी. ती बहुधा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात असते. आउटलुक पूर्ण बंद करूनच ती कॉपी करावी, कारण प्रोग्राम चालू असताना ती अडकलेली असते.

ढगातल्या फाइलींची खातरजमा

वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड अशा, इंटरनेटवर फाइली ठेवणाऱ्या ‘क्लाउड’ सेवांचा वापर असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. अनेक लॅपटॉपांमध्ये वनड्राइव्ह सुरू होताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर आपल्या ताब्यात घेते. मग फाइल एक्सप्लोररमध्ये फाइल दिसते, तिचे नाव दिसते, आकारही दिसतो, पण प्रत्यक्षात ती लॅपटॉपच्या डिस्कवर नसते. नावाशेजारी निळ्या कडेचा छोटा ढग असेल तर ती फाइल केवळ इंटरनेटवर आहे असे समजावे. हिरवी बरोबरची खूण असेल तर ती डिस्कवर उतरलेली आहे.

अशा फाइली नव्या लॅपटॉपवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे नव्या लॅपटॉपवर त्याच खात्याने साइन इन करणे. मग त्या तिथे आपोआप दिसू लागतात. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या लॅपटॉपवर त्या फोल्डरावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडणे, सगळ्या फाइली उतरेपर्यंत थांबणे आणि मग त्या बाह्य डिस्कवर कॉपी करणे. मी दोन्ही करण्याचा सल्ला देईन, कारण इंटरनेटवरील प्रत आणि हातातील प्रत एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

येथे एक धोका आहे आणि तो मी ठळकपणे सांगू इच्छितो. ही सिंक सेवा आहे. म्हणजे जुन्या लॅपटॉपवरून वनड्राइव्हच्या फोल्डरातील फाइल डिलीट केली तर ती इंटरनेटवरून जाते आणि मग नव्या लॅपटॉपवरूनही जाते. ‘सगळे नव्यावर आले, आता जुन्यावरचे काढून टाकू’ असे म्हणून एकेक फोल्डर डिलीट करत बसणाऱ्यांच्या नव्या लॅपटॉपवरूनही फाइली नाहीशा होतात त्या यामुळेच. जुन्या लॅपटॉपवर काहीही डिलीट करण्यापूर्वी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अनलिंक धिस पीसी’ करावे. अशी चूक झालीच तर वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये डिलीट केलेल्या फाइली साधारण ३० दिवस कचरापेटीत राहतात. ब्राउझरमधून तिथे जाऊन त्या परत आणता येतात.

कोणत्या साधनाने न्यावे

नवख्या माणसाने बाह्य हार्ड डिस्क किंवा बाह्य एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदावर लिहिलेल्या आकारांची बेरीज करावी आणि त्याहून किमान दीडपट जागा असलेली डिस्क घ्यावी. तिचा सर्वांत मोठा फायदा असा की काम संपल्यावर त्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक तिसरी प्रत उरते, जी दोन्ही लॅपटॉपांपासून वेगळी असते. इतर कोणत्याही मार्गाने हे सहज साधत नाही.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे ते आधी पाहावे. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की ‘फाइल सिस्टम’ या शब्दापुढे ते लिहिलेले असते. जुने पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीचे असतात. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही. ड्राइव्हमध्ये भरपूर जागा मोकळी असूनही लग्नाचा मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही आणि फाइल फार मोठी असल्याचा संदेश येतो, तो याच कारणाने. दोन्ही लॅपटॉप विंडोजचे असतील तर एनटीएफएस योग्य. एक विंडोज आणि एक मॅक असेल तर एक्सएफएटी घ्यावे, कारण एनटीएफएसची डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. फॉरमॅट केल्याने डिस्कवरील आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवूनच तो पर्याय निवडावा.

डिस्क कोणत्या खोबणीत (पोर्टमध्ये) लावली यानेही वेळेत मोठा फरक पडतो. यूएसबी २ मध्ये प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० ते ३५ एमबी एवढाच वेग मिळतो. म्हणजे २०० जीबी नेण्यास पावणेदोन तास किंवा अधिक लागतात. तीच हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या खोबणीत सेकंदाला १०० एमबीच्या आसपास चालली तर काम सुमारे ३५ मिनिटांत होते. अनेक लॅपटॉपांवर यूएसबी ३ ची खोबण आतून निळ्या रंगाची असते किंवा तिच्याशेजारी ‘एसएस’ ही अक्षरे असतात. हजारो छोट्या फाइली असतील तर वेग याहून बराच कमी मिळतो. त्यात डिस्क खराब झाली असे मानण्याचे कारण नाही.

फाइली थोड्या, म्हणजे दहा-पंधरा जीबीपर्यंत असतील तर क्लाउडही चालेल. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते आणि ती जीमेल व फोटो यांच्यासह मोजली जाते. वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबी आहे. दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर विंडोजमधील ‘नियरबाय शेअरिंग’ने काही मोजक्या फाइली पाठवता येतात, पण सगळे घर हलवण्यासाठी ते साधन नाही.

केबलविषयी सावधगिरीचा एक शब्द. दोन्ही टोकांना सारखाच चौकोनी यूएसबी प्लग असलेली साधी केबल दोन लॅपटॉपांमध्ये जोडू नये. त्याने फाइली जात नाहीतच, उलट दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा एकमेकांवर येऊन खोबणीचे नुकसान होऊ शकते. त्यासाठी मध्ये छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असलेली खास डेटा ट्रान्सफर केबल मिळते.

प्रत्यक्ष कॉपी

दोन्ही लॅपटॉप चार्जरला लावावेत. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन, चार्जरवर असताना लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ ‘नेव्हर’ करावी, नाहीतर अर्ध्या तासाने पडदा काळा होतो आणि कॉपी तिथेच थांबते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसेल, तर तो चार्जिंगला लावू नये. आधी जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी.

बाह्य डिस्कवर एक फोल्डर तयार करावा आणि त्याला आजची तारीख असलेले नाव द्यावे. कागदावरील यादीप्रमाणे एकेक फोल्डर त्यात कॉपी करावा. यूजर फोल्डर एका झटक्यात उचलून टाकण्यापेक्षा एकेक फोल्डर नेणे हळू वाटते. मात्र एखाद्या फाइलपाशी अडचण आली तर ती कोणत्या फोल्डरात आली हे लगेच कळते आणि झालेल्या फोल्डरापुढे कागदावर खूण करता येते. कॉपी चालू असताना त्याच फाइली उघडून काम करू नये.

मध्येच विंडोज थांबून काही विचारेल. एकाच नावाची फाइल आधीच तिथे असेल तर ‘रिप्लेस’ आणि ‘स्किप’ असे पर्याय येतात. रिकाम्या फोल्डरात कॉपी करत असताना हा प्रश्न यायलाच नको. आला तर आपण दोन वेगळे फोल्डर एकत्र करत आहोत असे समजून थांबावे आणि वेगळा फोल्डर तयार करावा. फाइलचा मार्ग फार लांब असल्याची तक्रार आली तर त्याचे कारण एकात एक घातलेले लांब नावांचे फोल्डर असते. विंडोजमध्ये संपूर्ण मार्गाला बहुतांश ठिकाणी सुमारे २६० अक्षरांची मर्यादा येते. वरच्या एखाद्या फोल्डराचे नाव छोटे केले की ती फाइल निमूट जाते. ‘स्किप’ करावेच लागले तर त्या फाइलचे नाव आधी कागदावर लिहावे आणि मगच पुढे जावे, कारण ती खिडकी मिटली की सुटलेल्या फाइलींची यादी पुन्हा कुठेच मिळत नाही.

कॉपी झाल्यावर डिस्क ओढून काढू नये. खालच्या पट्टीतील ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ या चिन्हावरून ‘इजेक्ट’ करावे, संदेश आल्यावरच केबल काढावी. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण झाली तरी शेवटच्या काही फाइली डिस्कवर लिहिल्या जात असू शकतात. मग ती डिस्क नव्या लॅपटॉपला जोडून डॉक्युमेंट्समधील फाइली डॉक्युमेंट्समध्ये, पिक्चर्समधील पिक्चर्समध्ये अशा कॉपी कराव्यात. नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह चालू असेल आणि मोफत जागा अपुरी असेल, तर या फाइली टाकण्यापूर्वी वनड्राइव्हच्या बॅकअपमधून ते फोल्डर बाहेर काढावेत, नाहीतर जागा भरल्याचे संदेश येऊ लागतात.

फाइलची ‘डेट क्रिएटेड’ कॉपी केल्यावर आजची दिसते, ‘डेट मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोमध्ये काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, तीही तशीच राहते. तारखा बिघडल्या असे वाटून पुन्हा कॉपी करण्याची गरज नाही.

जे कॉपी होत नाही: प्रोग्राम, पासवर्ड, फॉन्ट

प्रोग्राम हे फाइलींसारखे कॉपी होत नाहीत. ‘प्रोग्राम फाइल्स’ हा फोल्डर उचलून नेला तरी ते नव्या लॅपटॉपवर चालत नाहीत, कारण बसवताना त्यांनी विंडोजच्या नोंदवहीत केलेल्या नोंदी सोबत येत नाहीत. सेटिंगमधील ॲप्सच्या यादीचे पडदाचित्र (स्क्रीनशॉट) घेऊन ठेवावे आणि लागणारे प्रोग्राम अधिकृत ठिकाणाहून नव्याने बसवावेत. विकत घेतलेल्या प्रोग्रामचा परवाना एकाच संगणकापुरता असेल तर जुन्या लॅपटॉपवर तो ‘डीॲक्टिव्हेट’ करावा. जुना लॅपटॉप पुसल्यानंतर ते करता येत नाही.

ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड नेण्यासाठी क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये आपल्या खात्याने साइन इन करून सिंक चालू करणे पुरेसे आहे. सिंक नको असेल तर पासवर्ड एका फाइलमध्ये काढता येतात. मात्र ती फाइल कोणालाही उघडून वाचता येईल अशा साध्या अक्षरांत असते. ती नव्या लॅपटॉपवर घेतल्याबरोबर दोन्ही लॅपटॉपांवरून आणि डिस्कवरून काढून टाकावी, रीसायकल बिनही रिकामे करावे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी फॉन्टकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या आत्याचे वीस वर्षांपूर्वी टाइप केलेले लेख आम्ही नव्या लॅपटॉपवर उघडले, तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा चिवडा दिसला. फाइली बिघडल्या असे समजून तिने एक लेख डिलीटही केला होता. प्रत्यक्षात फाइली धडधाकट होत्या. ते लेखन युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखण्याची आजची पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये होते. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे आणि तो फॉन्ट संगणकात नसेल तर खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडे. जुन्या लॅपटॉपवर तो लेख उघडून, मजकूर निवडून फॉन्टचे नाव पाहिले, तोच फॉन्ट नव्यावर बसवला आणि पान जसेच्या तसे उभे राहिले. म्हणून जुना लॅपटॉप चालू असतानाच जुन्या मराठी फाइली उघडून त्यांच्या फॉन्टांची नावे लिहून घ्यावीत. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट कॉपी करावेत आणि नव्या लॅपटॉपवर फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ निवडावे. एखादा फॉन्ट टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर परवान्याने आलेला असेल तर ते सॉफ्टवेअरच रीतसर बसवावे. सवड मिळेल तसे हे लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करावे आणि प्रत्येक लेखाची एक पीडीएफ प्रतही ठेवावी, कारण फॉन्ट त्यात सामावून घेता येतो आणि पुढच्या लॅपटॉपवर हीच अडचण पुन्हा येत नाही.

मॅकवरून मॅकवर

दोन्ही मॅक असतील तर ‘मायग्रेशन असिस्टंट’ हे साधन मॅकमध्येच असते. ते फाइलींबरोबर वापरकर्त्याचे खाते, सेटिंग आणि बहुतेक प्रोग्रामही नेते. नवा मॅक पहिल्यांदा सुरू करतानाच ते विचारते आणि त्याच वेळी ‘हो’ म्हणणे सर्वांत सोयीचे असते, कारण नंतर केल्यास एकाच माणसाची दोन खाती तयार होण्याचा घोळ होऊ शकतो. त्याआधी बाह्य डिस्कवर टाइम मशीन या मॅकमधीलच साधनाने एक बॅकअप घ्यावा. विंडोजवरून मॅकवर येणाऱ्यांसाठीही मायग्रेशन असिस्टंटचे विंडोजवर बसवायचे रूप ॲपल मोफत देते, पण मोजक्या फाइली असतील तर बाह्य डिस्कचा मार्गच सरळ पडतो.

जुना लॅपटॉप सुरूच होत नसेल तर

लॅपटॉप बंद पडला म्हणजे फाइली गेल्या असे नाही. पडदा, मदरबोर्ड किंवा चार्जिंगची खोबण बिघडली असेल तर आतील डिस्क बहुधा ठीक असते. ती काढून यूएसबी पेटीत घातली की नव्या लॅपटॉपवर बाह्य डिस्कसारखी उघडते. जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची साटा डिस्क असते, नव्यांत एम.२ प्रकारची लांबट पट्टी असते. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असल्याने पेटी घेण्यापूर्वी डिस्कवरील लेबल वाचावे. काही पातळ लॅपटॉपांत मात्र डिस्क मदरबोर्डवरच कायमची बसवलेली असते, तिथे दुरुस्ती करणाऱ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. डिस्क जोडल्यावर फोल्डर उघडण्याची परवानगी नाही असा संदेश आला तर ‘कंटिन्यू’ दाबावे. बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, किल्ली मागितली तर ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ही किल्ली नसेल तर त्या डिस्कवरील काहीही वाचता येत नाही, म्हणून लॅपटॉप चालू असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढू शकते. आतील माहिती मोलाची असेल तर ती बंद ठेवून डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

पडताळणी

आता सुरुवातीचा कागद पुन्हा हाती घ्यावा. नव्या लॅपटॉपवर प्रत्येक फोल्डराचे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुन्याशी ताडून पाहावा. आकार पाहताना ‘साइझ’ हा आकडा पाहावा, ‘साइझ ऑन डिस्क’ नव्हे. दुसरा आकडा डिस्कच्या रचनेवर अवलंबून असल्याने दोन ठिकाणी वेगळा दिसतो आणि विनाकारण धास्ती वाटते. संख्येत एक-दोन फाइलींचा फरक विंडोजच्या स्वतःच्या लपलेल्या फाइलींमुळे असू शकतो. दहा-वीस फाइलींचा फरक असेल तर आतल्या एकेका फोल्डराची संख्या ताडत जावे, हरवलेला फोल्डर सापडतो.

आकडे जुळले तरी काही फाइली उघडून पाहाव्यात. प्रत्येक फोल्डरातील सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी फाइल उघडावी. व्हिडिओ असेल तर सुरुवात पाहून थांबू नये, खालची पट्टी शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून पाहावी, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. पासवर्ड लावलेल्या फाइली उघडताना तो पासवर्ड आठवतो का तेही तपासून होते.

हे झाल्यावर जुना लॅपटॉप किमान एक महिना जसाच्या तसा ठेवावा. या महिन्यात नव्या लॅपटॉपवरच सगळी कामे करावीत. जुन्याकडे वळण्याची वेळ ज्या ज्या फाइलीसाठी आली तिचे नाव लिहावे आणि ती लगेच आणावी. महिन्यातून एकदा किंवा वर्षातून एकदाच लागणारी कामे, म्हणजे कर भरण्याची कागदपत्रे, डिजिटल सहीचे टोकन आणि त्याचे सॉफ्टवेअर, प्रिंटर व स्कॅनर, ही नव्या लॅपटॉपवर मुद्दाम करून पाहावीत, गरज पडण्याची वाट पाहू नये.

जुना लॅपटॉप पुसणे

फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामे केल्याने ती डिस्कवरून लगेच पुसली जात नाही, केवळ तिची जागा मोकळी झाल्याची नोंद होते. हार्ड डिस्कवरील अशा फाइली साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. म्हणून लॅपटॉप कोणालाही देण्यापूर्वी सर्व खात्यांतून साइन आउट करावे, परवाने मोकळे करावेत आणि मग विंडोजच्या सेटिंगमधील ‘रिकव्हरी’ या भागातून ‘रीसेट धिस पीसी’ निवडावे. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा पर्याय घेऊन पुढच्या खिडकीत सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. हार्ड डिस्क असेल तर याला काही तास लागतात, तोवर चार्जर काढू नये. मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढील आवृत्ती चालणाऱ्या, ॲपल सिलिकॉन किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय हेच काम करतो.

फाइली ज्या बाह्य डिस्कवरून नेल्या ती मात्र पुसू नये. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून ती लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी नव्या फाइली तिच्यावर उतरवाव्यात.